असेही ते म्हणाले

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन सकाळी सातच्या आत आला की माझ्या पोटात आधी गोळा येतो. गावाकडून त्या वेळी येणारे फोन सहसा चांगले नसतात. त्या दिवशी मात्र आवाज खुशीत होता. "आजचा पेपर बघितलास का? पान सात. खाली चौकट आहे बघ." मी डोंबिवलीत, एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोराच्या डब्याची भेंडी, आणि पेपर अजून दाराच्या कडीत गुंडाळी होऊन अडकलेला. "वाचून दाखवा की," म्हटलं. अण्णांनी घसा खाकरला. बातमी वाचताना ते अजूनही आकाशवाणीवर बसल्यासारखे वाचतात. मुंबईजवळचा एक जुना कारखाना बंद होतोय, अमुक इतक्या वर्षांची परंपरा, आणि मग मालकांचं निवेदन: "भोंगा बंद झाला तरी माणूस त्याच वेळेला जागा होतो." एवढं वाचून ते थांबले. चष्मा काढला असणार. "मालक असून किती कळलंय बघ त्याला," म्हणाले. "दादांची आठवण झाली."

मी भेंडी परतत राहिले. ते वाक्य मी लिहिलं होतं.

झालं होतं असं, की दोन दिवस आधी रात्री पावणेदहाला मेल आला. मी पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या, एजन्स्यांसाठी प्रेस नोटा मराठीत करून देते. आधी अकरा वर्षं अशाच एका एजन्सीत नोकरीला होते, रिजनल डेस्कवर, म्हणजे मराठीच्या कामावर. 2020 च्या टाळेबंदीत डेस्कच गुंडाळलं, तेव्हापासून घरबसल्या, शब्दाच्या दराने. मेलच्या विषयात 'अर्जंट' तीनदा. पाठवणारी मुलगी असेल तेविसेक वर्षांची, कामाला वाघीण, कधी झोपते देव जाणे. प्रेस नोट कारखाना बंद होण्याची होती, पण 'बंद' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. 'धोरणात्मक पुनर्रचना' होती, 'पुढील टप्प्याकडे वाटचाल' होती, 'सर्व संबंधित घटकांचे हित' होतं. मालकांच्या तोंडी तीन वाक्यं होती, उकडलेल्या बटाट्यासारखी, मीठसुद्धा नाही. मी तशीच मराठीत उतरवली आणि पाठवली. दहा मिनिटांत तिचा फोन. "मॅम, मराठी पेपरसाठी थोडं इमोशनल करा ना. इंग्लिशमधलं सगळं लीगलने काढून टाकलं." मी म्हटलं, लीगल मराठी नाही का बघणार? ती हसली. "मराठी कोण वाचतंय मॅम."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण खरंच होतं ते. इंग्रजी मजकूर पाच जणांच्या हातून जातो, स्वल्पविरामावरून मेलांच्या माळा लागतात. मराठी मजकूर 'ओके' म्हणून सुटतो. आमच्या धंद्यात त्याला 'व्हर्नाक' म्हणतात, 'व्हर्नाक्युलर'चं तोडकं रूप, आणि म्हणताना आवाज थोडा खाली जातो, घरातल्या गरीब नातेवाइकाची ओळख करून देताना जातो तसा. त्यामुळे गंमत अशी होते, की इतक्या चौक्यांतून आलेल्या त्या कोरड्या मजकुरात शेवटच्या चौकीवर बसलेली माझ्यासारखी बाई वाट्टेल ते मिसळू शकते. बहुतेक वेळा मी मिसळत नाही. त्या रात्री मिसळलं.

दादा म्हणजे माझे आजोबा. परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्यांची तेवीस वर्षं झाली होती. दीडेक वर्ष वाट बघून ते ट्रंक घेऊन गावाकडे, पाटण तालुक्यात परत आले, ते कायमचेच. मी तेव्हा दोन-तीन वर्षांची. मला आठवतात ते पुढचे दादा, ओट्यावर बसलेले. रोज पहाटे साडेपाचला उठून बसायचे. गुरं नव्हती त्यांच्याकडे, शेत भावाकडे, कुठे जायचं नसायचं. तोंड धुऊन, केस विंचरून, सदऱ्याची वरची गुंडी लावून ओट्याच्या कडेला बसायचे, पाय खाली सोडून, गाडी लागायची वाट बघितल्यासारखे. आजी आतून ओरडायची, "झोपा की वो! कुणाचा भोंगा वाजलाय हितं?" तिचा जन्म गावात गेला, भोंगा तिने कधी ऐकला नव्हता. दादा उत्तर द्यायचे नाहीत. अंधार फिकट व्हायला लागला, की खांदे जरा सैल पडायचे.

ती पहाट मी त्या मालकाला दिली.

रात्री पावणेबाराला मेसेज आला: "लव्हली मॅम. क्लायंट अप्रूव्ह्ड." खाली हात जोडलेली बाहुली. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. बऱ्याच दिवसांनी आपल्या हातून एक वाक्य झालं, असं वाटून मी गाढ झोपले.

लोकांना वाटतं, पीआर म्हणजे नट्यांना विमानतळावर गाठणारे फोटोग्राफर, नाहीतर निवडणुकीतल्या वॉर रूम. असेलही ते. माझ्या वाट्याला आलेला पीआर म्हणजे 'म्हणाले' हा शब्द. प्रेशर कुकरवाले म्हणाले, गृहकर्जवाले म्हणाले, गुडघेबदलीचे सर्जन म्हणाले, सरबतवाले म्हणाले. मराठी प्रेस नोटेची चाल ठरलेली: पहिल्या परिच्छेदात घोषणा, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात 'याप्रसंगी बोलताना' करून मोठ्या साहेबांचं मनोगत, मग छोट्या साहेबांचं, आणि शेवटी मजकूर उरलाच तर 'असेही ते म्हणाले'. याप्रसंगी कुणीही काहीही बोललेलं नसतं. पुष्कळदा प्रसंगही अजून व्हायचा असतो. उद्या अकराला उद्घाटन आणि आज सहाला भूतकाळात सगळं बोलून मोकळे. पहिल्या वर्षी मी एका वरिष्ठांना विचारलं होतं, की निदान एकदा फोन करून साहेबांना विचारूया का, त्यांना काय वाटतं ते. ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मी लग्नात नवरदेवाला 'तुम्हाला मुलगी आवडली का' असं भर मांडवात विचारलंय.

या धंद्याचा मूळपुरुष म्हणून आयव्ही ली या अमेरिकी माणसाचं नाव घेतात. 28 ऑक्टोबर 1906 ला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून खाडीत कोसळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अशी, की अपघात झाला की दारं बंद करायची. लीने उलट केलं. कंपनीच्या वतीने माहिती लिहून पत्रकारांना दिली, त्यांना जागेवर न्यायची सोय केली. पहिली प्रेस नोट म्हणून तीच दाखवतात. मला ही गोष्ट प्रशिक्षणात सांगितली गेली तेव्हा फार आवडली होती; आपल्या धंद्याचा जन्म लपवण्यातून नाही, सांगण्यातून झालाय, असं वाटून. पुढे लक्षात आलं, की त्याच गोष्टीत दुसरीही गोष्ट आहे: माणसं पाण्यात गेल्यावर पहिला कागद कुणाच्या हातचा पोचतो, हे महत्त्वाचं असतं, हे कंपन्यांना त्या वर्षी कळलं.

अशा वेळच्या निवेदनांना आम्ही 'क्रायसिस' म्हणतो आणि त्याचा दर जास्त असतो. ती लिहायला बसलं, की मराठी व्याकरण किती मदतीला येतं, हे कळतं. 'आम्ही चुकलो' असं कुणी लिहू देत नाही. 'आमच्याकडून चूक झाली' हे फार तर. त्यातलंही 'आमच्याकडून' दुसऱ्या ड्राफ्टला जातं. उरते 'चूक झाली'. शाळेत शिकलेलं आठवून बघा, या वाक्यात कर्ता कोण? चूकच. ती आपली आपण होते, पाऊस पडतो तशी. त्याहून मला भीती वाटते ती 'गमवावे लागले'ची. 'दुर्दैवी घटनेत चौघांना प्राण गमवावे लागले.' लागले! जसं काही कर्तव्यच होतं त्यांचं, परीक्षेला बसावं लागतं, कर भरावा लागतो, तसं. हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल, मोजलेलं नाही. एकदा एका कंपनीसाठी लिहिलं आणि दोन दिवसांनी लोकलमध्ये शेजारची बाई मोबाइलवर ते वाचून मैत्रिणीला म्हणाली, "बिचारे." कोण बिचारे, ते तिने सांगितलं नाही.

नोकरीत असताना ऑफिस लोअर परळला होतं. करी रोडला उतरायचं, पूल ओलांडायचा, मग पायी. पत्ता गिरणीचाच, मिल कंपाउंड. आत काचेच्या इमारती, कॉफी, दाढ्या राखलेले क्रिएटिव्ह लोक, आणि कोपऱ्यात शोभेला ठेवलेली एक चिमणी. नवीन आलेल्या मुलांना ती चिमणी डिझाइन वाटायची. दादांची गिरणी हीच नव्हे, पण फार लांबही नव्हती. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत शोधत गेले होते, तिथे मॉलच्या पार्किंगचा उतार निघाला. पहारेकरी म्हणाला, मॅडम, एन्ट्री पलीकडून आहे. मी परत येऊन वडापाव खाल्ला आणि त्या दुपारी एका बिल्डरच्या टॉवरची प्रेस नोट केली: 'मुंबईच्या हृदयस्थानी इतिहासाच्या कुशीत आधुनिक जीवनशैली'. 'इतिहासाच्या कुशीत' माझं होतं. तेही अप्रूव्ह झालं होतं.

त्या ऑफिसातली माझी पहिली सहा महिन्यांची नोकरी फुटपट्टीची. सकाळी सातला पेपरांचा गठ्ठा यायचा. मराठी सगळे माझ्याकडे. क्लायंटचं नाव दिसलं की कापायचं, पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, वर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान. मग फुटपट्टीने लांबी-रुंदी. चार कॉलम बातमी म्हणजे साधारण सोळा सेंटीमीटर रुंद. वीस उंच असली तर तीनशेवीस चौरस सेंटीमीटर. त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. मग आणखी तीनने. तीनने का? कारण बातमीवर लोक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. तीनपटच का, चारपट का नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारणं सोडलं. महिनाअखेरीला जाडजूड डॉकेट, म्हणजे या कात्रणांचं बाड, क्लायंटकडे जायचं: तुम्ही आम्हाला एवढे लाख दिलेत, आम्ही तुम्हाला एवढे कोटी मिळवून दिले. 2010 साली बार्सिलोनाला या क्षेत्रातल्या लोकांनी जमून ठराव केला, की ही जाहिरातमूल्याची मोजणी म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. आमच्या साहेबांनी तो ठराव मेलवर सगळ्यांना पाठवला आणि त्याच आठवड्यात नवीन फुटपट्ट्या मागवल्या, कारण जुन्यांवरचे आकडे पुसले होते. आता फुटपट्टी गेली, सॉफ्टवेअर आलं. क्लायंट अजूनही मीटिंगच्या शेवटी हळूच विचारतो, म्हणजे जाहिरातीच्या हिशोबात किती झालं हो? त्याचं तरी काय चुकलं. त्यालाही वर कुणाला तरी कोटीच दाखवायचे असतात.

मला त्या मोजणीत खटकायचा तो विश्वास. तीनने गुणलेला. तो कुणाचा होता? पहाटे उठून पेपर उघडणाऱ्या माणसाचा. अण्णांचा.

अण्णा वार्ताहर होते. पोटापाण्याला पेपरची एजन्सी आणि जोडीला जिल्ह्याच्या दैनिकाची वार्ताहरकी. बातमी लिहायची कार्बन लावून, पाकिटात घालायची, वर मोठ्या अक्षरात 'बातमी, तातडीचे', आणि पाटणच्या स्टँडवर कराडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. कराडात पेपरचा माणूस उतरवून घ्यायचा. लहानपणी मी ते पाकीट घेऊन स्टँडवर पळत गेलेय. गाडी सुटत असायची, कंडक्टर खिडकीतून हात बाहेर काढायचा. 'पाकीट' या शब्दाचा मला माहीत असलेला अर्थ तेवढाच. पुढे मुंबईत पत्रकार परिषदांना उभी राहायला लागले, तेव्हा दुसरा कळला. दारात टेबल, टेबलावर वही, वहीत नाव लिहिलं की प्रेस किट: फोल्डर, पेन, पेन ड्राइव्ह, आणि काही ठिकाणी फोल्डरच्या आत आणखी एक छोटं. ते वाटायचं काम मी केलेलं नाही. पण वाटताना बघून दुसरीकडे बघायचं काम केलंय. न घेणारेही खूप असतात. एक जुने पत्रकार किट उघडून फक्त प्रेस नोट काढून घ्यायचे, बाकी सगळं टेबलावर परत, पेनसुद्धा. मग दोन वडे खायचे, चहा मागून घ्यायचे आणि पहिल्याच प्रश्नात आमच्या साहेबांना घाम फोडायचे. आम्ही त्यांना फार घाबरायचो. ते निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात कुणीतरी 'सुटलो' म्हणालं, आणि मला उगीच वाईट वाटलं.

पण अण्णांना मी सोवळ्यात बसवणार नाही. वार्ताहराला बातमीचे मिळायचे चहापाण्याइतके. खरं कमिशन जाहिरातीवर. म्हणजे ज्या पुढाऱ्याची बातमी लिहायची, त्याच्याकडेच वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात मागायला जायचं. माझ्या इंजिनीअरिंगला गेलेल्या भावाची फी दोन वाढदिवसांतून आलीय. अण्णांनी ते कधी लपवलं नाही, आणि कधी जेवताना काढलंही नाही. 2009 च्या विधानसभेला मात्र त्यांनी हात टेकले. त्या वेळी 'पॅकेज' हा शब्द तालुक्यापर्यंत पोचला होता. अमुक इतके दिले की इतक्या बातम्या, एक मुलाखत, सभेला गर्दी 'अलोट'. न दिले तर उमेदवार उभाच नाही. पुढे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या पेपरांत एकाच नेत्याच्या स्तुतीच्या बातम्या शब्दाशब्दाला सारख्या आल्या होत्या. अशा विकत घेतलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली, तिने 71 पानी अहवाल दिला, आणि कौन्सिलने 2010 मध्ये आधी त्याचा सारांशच बाहेर काढला. पूर्ण अहवाल संकेतस्थळावर यायला आणखी वर्ष गेलं. इंग्रजीत तर एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने 2003 पासूनच पुरवण्यांतली जागा सरळ विकायला काढली होती, दुकान मांडून. त्यात निदान दरपत्रक होतं. अण्णांनी निवडणुकीनंतर वार्ताहरकी सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, "हात दुखतो." एजन्सी ठेवली.

मी त्या वर्षी मुंबईत होते, फुटपट्टीवरून बढती मिळालेली. अण्णांचा हात का दुखतो, ते मला कळत होतं. माझा दुखत नव्हता.

मध्ये एकदा दुखला. 2 फेब्रुवारी 2024. अभिनेत्री पूनम पांडे यांच्या इन्स्टाग्राम खात्यावरून त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याची पोस्ट आली. आदल्याच दिवशी अर्थसंकल्पीय भाषणात मुलींच्या लसीचा उल्लेख झालेला. दिवसभर बातम्या चालल्या, लोकांनी श्रद्धांजल्या लिहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः सांगितलं, मी जिवंत आहे, हे सगळं जागृतीसाठी होतं. मागे एजन्सी होती. तिने माफी मागितली आणि त्याच माफीत या आजाराबद्दल लोकांनी किती शोध घेतला तेही सांगितलं. आमच्या धंद्यातल्या ग्रुपवर दोन तट पडले. काही म्हणाले, छी. काही म्हणाले, काहीही म्हणा, आयडिया चालली. माझी धाकटी मावशी याच आजाराने गेलीय, मिरजेला, तीन महिने मी जाऊन-येऊन होते. शेवटी शेवटी तिला उदबत्तीचा वास सहन व्हायचा नाही, आणि खोलीत सारखी उदबत्ती लागायची, कारण दुसरा वास. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. 'आयडिया चालली' म्हणणारी मुलं मला वाईट वाटली नाहीत, हेच त्रासदायक होतं. त्यांच्या जागी मीही कोष्टकात आकडा भरून, खाली रेघ मारून बेरीज केली असती.

मोठ्या पेपरांतली माणसं कमी झालीत, एकेका वार्ताहराकडे तीन-तीन बीट, वर वेबसाइटला दर तासाला काहीतरी हवं. त्यामुळे आमची नोट पूर्वी कापली जायची, ती आता अख्खी लागते, शीर्षकासकट. चुकून फोन नंबर राहिला तर तोही. पूर्वी 'सर, मेल मिळाला का?' म्हणून दहा फोन करायचे, आठ जण चिडायचे. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, अंगठा येतो. रील करणाऱ्या मुलामुलींचं एक वेगळंच. 'जाहिरात' असं स्पष्ट लिहायचा नियम 2021 पासून आहे, ती लिहितातही, पण अशा रंगात आणि अशा कोपऱ्यात, की औषधाच्या बाटलीवरचं वाचायला सोपं. त्यात मी फार शिरत नाही. माझ्या पोटावर पाय आलाय तो यंत्राचा.

गेल्या वर्षापासून ती तेविसेक वर्षांची मुलगी मला इंग्रजी पाठवतच नाही. यंत्राने केलेलं मराठी पाठवते आणि म्हणते, "मॅम, फक्त चेक करा." चेकचा दर निम्मा. ते मराठी चुकीचं नसतं, हीच पंचाईत. 'आम्हाला हे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे.' कोण असं बोलतं? पण मग मी माझ्या जुन्या नोटा काढून बघितल्या, आणि तिथेही अत्यंत आनंद होतच होता, 2011 पासून अखंड. यंत्र शिकलं कुठून, हे मी कुणाला सांगायला नको. एकदा तिने मला गंमत म्हणून दाखवलं: 'इमोशनल करा' असं यंत्राला सांगितलं, तर त्याने एका क्षणात 'आमच्या कामगारांच्या घामाच्या प्रत्येक थेंबात आमचा इतिहास लिहिला गेला आहे' असं लिहून दिलं. मी हसले. ती म्हणाली, "पण तुमचं ते भोंग्याचं भारी होतं मॅम. ते याला नसतं सुचलं." तिने मनापासून कौतुक केलं होतं. मला चहा कडू लागला.

गणपतीला गावी गेले. आरती झाली, आई पोराला घेऊन शेजारी गेली. अण्णांची वही टीव्हीच्या खालच्या फळीवर असते. बँकेची जुनी डायरी, वर सोनेरी अक्षरांत साल, त्यात कात्रणं. मी लहान असल्यापासून आहे ही सवय, डायऱ्या बदलतात. कात्रण कापायचं ते पट्टी आडवी धरून, रेषेत. चिकटवायचं शिताने, डिंक लावला की कागद पिवळा पडतो म्हणून. मी चाळत गेले. धरणाच्या पाण्याची बातमी, कुणाच्या तरी मुलीला मिळालेलं सुवर्णपदक, अर्धशिशीवर उपाय, आणि मग ती चौकट. चारी कडा सरळ. शेजारी निळ्या शाईत तारीख आणि दोन शब्द: 'दादा. ओटा.' खाली, छापलेलं, मालकांचं नाव.

मी सांगून टाकलं. उभ्या उभ्याच, डायरी हातात धरून. मेल कधी आला, मुलगी काय म्हणाली, मी काय केलं. अण्णांनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांनी वाचलं तरी होतं का?"

"माहीत नाही. अप्रूव्हल त्यांच्या ऑफिसातनं आलं."

"हां." पुन्हा थोडा वेळ. मग त्यांना काय आठवलं कुणास ठाऊक, हसायला लागले. म्हणाले, "एकदा मंत्री यायचे होते, शाळेच्या इमारतीला. सभा पाचला आणि कराडची गाडी साडेचारला. भाषणाचा कागद सकाळीच आला होता. मग काय, दिली बातमी गाडीत घालून, शिक्षणाची गंगा दारोदारी, म्हणाले मंत्री. आणि असा पाऊस लागला, की साहेब अर्ध्या वाटेतनं माघारी." दुसऱ्या दिवशी बातमी आली, दोन कॉलम. गावातल्या दीडशे माणसांनी ती वाचली, सगळे आदल्या संध्याकाळी मांडवात भिजत बसलेले, मंत्री आलेच नाहीत हे डोळ्यांनी बघितलेले. एकानेही तक्रार केली नाही. सरपंचांनी वीस अंक जादा घेतले. "मला वाटलं, पेपरवाले काढून टाकतील मला. त्यांनी कळवलं, बातमी वेळेत आली, शाबास." हसता हसता त्यांना खोकला लागला, मी पाणी दिलं.

पाणी पिऊन त्यांनी डायरी माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली. नाव खोडतील असं मला वाटलं. पेन खिशातच राहिलं. ते वाक्याखाली बोट ठेवून, एकेका शब्दावर टेकत, ओठांत मोजत गेले. भोंगा. बंद. झाला.

"नऊ," म्हणाले. "तुम्हाला शब्दावर देतात ना गं? किती?"

"सव्वा रुपया."

त्यांनी मनात गुणाकार केला. "सव्वाअकरा."

"नाही, अण्णा. मोजतात ते इंग्रजी शब्द. हे वाक्य इंग्रजीत नव्हतंच."

"म्हणजे याचं काहीच नाही?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, आणि कात्रणाचा एक कोपरा सुटला होता तो अंगठ्याने दाबून धरला. "म्हणजे दादा फुकटच गेले म्हणायचे," म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला.